विहिरीच्या दगडातला आवाज

नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कारखान्यात मी बारा वर्षं वजनकाटे जुळवले. दुकानातले, धान्यबाजारातले, सोनाराच्या टेबलावरचे. तो विभाग बंद झाल्यावर मी घराच्या मागच्या खोलीत टेबल टाकलं आणि लहानसहान कामं घेऊ लागले. शहरातल्या एका संग्रहालयाचं काम असंच चालून आलं. तिथल्या प्रमुखांना सगळे सर म्हणत, मीही म्हणू लागले. पहिल्याच भेटीत ते म्हणाले, "मॅडम, लोक येतात, पाटी वाचतात, फोटो काढतात अन् जातात. मला पडदे नको, बटणं नको, कानाला लावायचं काही नको. वस्तूनंच दोन शब्द बोलावेत. आणि यंत्र बोलतंय असं कोणाला वाटू नये."

मला ते फार आवडलं. कारखान्यात आम्ही बनवलेली प्रत्येक गोष्ट लाल आकडे दाखवत ओरडायची. इथे लपायचं होतं.

पहिले काही महिने आनंदाचे गेले. एका जुन्या कंदिलासमोर माणूस क्षणभर थांबला की वरचा दिवा मंद होई आणि कंदिलात ज्योत लावल्यासारखा उजेड येई. धान्य मोजायच्या पायलीत हात घातला की ज्वारी ओतल्याचा आवाज येई. लोक दचकत, हसत, पुन्हा हात घालत. पाटी न वाचणारे लोक आता वाकून पाटी वाचत. सर दर आठवड्याला म्हणत, "हेच पाहिजे होतं."

मग दगड आला. जिल्ह्यातल्या एका गावची जुनी विहीर रस्ता रुंद करताना बुजवली होती, आणि तिच्या काठाचा एक लांबट काळा दगड गावकऱ्यांनी जपून पाठवला होता. पिढ्यान्‌पिढ्या दोर घासून त्याच्या कडेला खाचा पडल्या होत्या. खोल, गुळगुळीत. बोट ठेवलं की बोट आपोआप खाली सरके. मी त्या दगडाखाली वजनकाट्यातले चार सेन्सर बसवले. अडीच-तीन मणांच्या दगडावर नुसता तळवा टेकला तरी त्यांना कळायचं. बुडाला एक छोटी चकती चिकटवली. ती आवाजाबरहुकूम थरथरायची, आणि दगडच बोलू लागायचा. कान जवळ नेला तर स्पष्ट, दूर गेलं तर काही नाही.

आता त्याला बोलायला काहीतरी हवं होतं. सरांनी त्या गावच्या चार-पाच म्हाताऱ्या माणसांची नावं मिळवून दिली. आधीच्या तिघाचौघांनी सांगितलं ते सगळं सारखंच होतं: पाणी थंडगार होतं, उन्हाळ्यात आटत नव्हतं, बायकांच्या गप्पा रंगायच्या. यादीतल्या शेवटच्या आजी उत्तर नागपुरात मुलीकडे राहत होत्या. मुलगी सरकारी दवाखान्यात नर्स. घरात शिरताच समोर बुद्धाची तसबीर, तिच्याजवळ बाबासाहेबांची, आणि खाली खुर्चीत या आजी, पांढरं लुगडं, हातात चष्म्याची दांडी.

"मशीन चालू केली का वं?" त्यांनी विचारलं.

"हो, आजी."

"मंग आयक."

आणि त्यांनी जे सांगायला सुरुवात केली ते ऐकताना मी चहा प्यायचा विसरले. दोर दगडावरून सुटतो तेव्हा कसा आवाज येतो, पाण्यापाशी पोचल्यावर बकेट आधी कशी आडवी पडते, मग कशी भरते, भरल्यावर दोर कसा ताठ होऊन दगडावर किरकिरतो. कोणती बाई जोरात ओढायची, कोणती दमाने, हे त्यांना आवाजावरून कळायचं. कोरडा दोर आणि ओला दोर यांचा आवाज वेगळा. त्या बोलत होत्या आणि मला ती विहीर दिसत होती.

"तुमाले इतकं सगळं आठवते?" मी म्हणाले. त्यांच्याशी बोलताना माझी भाषा आपोआप गावाकडची झाली.

"आठवन नाई तं काय. दुसरं काय होतं मले? मी त्या विहिरीत कधी वाकून पाह्यलं नाई. आमाले काठावर चढाची मुभाच नव्हती. आमी दहा हात दूर पान्याचा रिकामा गुंड ठेवून उभे राहो. कोन्या बाईले दया आली तं ते येऊन वरून पानी ओते. नाई आली तं उभेच. माय मले गुंडापाशी उभी करून वावरात जाय. सकाळपासून दुपारपर्यंत मी नुसता आवाज आयको."

मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. तिला हे पाठ असावं.

"मंग माहा बाप नागपूरले आला, दीक्षा घेऊन गेला," आजी पुढे म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम चढला, चेहरा उजळला. "घरी येऊन म्हने, आजपासून कोनाच्या हातचं पानी मांगाचं नाई. आपली विहीर आपन खंदू. पंधरा घरं होती आमची. दिवसा लोकाइच्या वावरात काम, सांजच्याले खंदनं. माय टोपले भरे, मी डोक्यावर घेऊन वर आनो. दगड लागला, मानसं रडाले लागली. तरी बाप थांबला नाई. अन् एक दिवस..." त्या बराच वेळ बोलत राहिल्या. विहिरीला पाणी लागलं तो दिवस, सगळ्या वस्तीनं एकमेकांच्या अंगावर चिखल फासला तो दिवस, त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने दोर सोडला तो दिवस.

मी सगळं रेकॉर्ड केलं. पाया पडून निघाले. जिन्यात मुलगी म्हणाली, "ताई, आई पहिल्यांदाच कोण्या परक्या माणसाजवळ एवढी बोलली."

सरांना मी दुसऱ्याच दिवशी ते ऐकवलं. पहिला भाग ऐकताना ते डोळे मिटून बसले होते. उभं राहण्याचा भाग आला तसे त्यांनी डोळे उघडले. संपल्यावर खूप वेळ टेबलावरची पेन्सिल फिरवत राहिले.

"फार जबरदस्त आहे," ते म्हणाले. "पण मॅडम, हा दगड त्या गावानं दिला आहे. उद्घाटनाला तिथले लोक येणार. शिवाय ही विरंगुळ्याची जागा. लहान मुलं येतात. पहिला भाग घेऊ. आवाजांचा. तोच सगळ्यात सुंदर आहे."

"पण त्यांना ते आवाज का माहीत आहेत ते..."

"मला कळतं," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता, आणि आपण घाबरलोय हे त्याला कळत होतं. "तुम्हीच काही मार्ग काढा."

तो मार्ग मी काढला. इथे मला स्वतःला सोडून दुसऱ्या कोणावर बोट ठेवता येत नाही. मी सरांना म्हटलं, हात ठेवला की आवाजांची गोष्ट वाजेल. चाळीस सेकंद. मग शांतता. बहुतेक लोक तिथं हात काढून निघून जातील. पण जो कोणी त्या शांततेतही हात तसाच ठेवील, आणखी अर्धा मिनिट, त्याला पुढचं ऐकू येईल. उभं राहण्याचं. ज्याला खरंच ऐकायचंय त्यालाच. सर खूश झाले. मीही इतकी खूश झाले की घरी येताना सीताबर्डीला उतरून स्वतःसाठी साडी घेतली. किती सूक्ष्म, किती हुशारीचं काम! तंत्रज्ञानाचा असा उपयोग कोणाला सुचला असता?

विहीर खणल्याचा भाग मी कापला. या दगडाशी त्याचा संबंध नाही, आणि फार लांबतं, असं मला वाटलं. कोणी सांगितलं नव्हतं मला. मी आपणहून कापला.

उद्घाटनाला आजींना ताप होता. त्या आल्या नाहीत. दगडाचं मात्र कौतुक झालं. गावचे लोक आले, हात ठेवून गहिवरले. एक बाई मला म्हणाली, "आमच्या आजोळची विहीर डोळ्यापुढे आली हो." अभिप्रायाच्या वहीत पानंच्या पानं भरली. त्या दिवसांत शांततेपर्यंत हात ठेवलेला माणूस मी एकही पाहिला नाही. मला त्याचं फारसं काही वाटलंही नाही.

तीनेक आठवड्यांनी आजींच्या मुलीचा फोन आला. आई बरी आहे, आज माझी सुट्टी आहे, येतो आम्ही. मी दारात जाऊन उभी राहिले. आजी रिक्षातून उतरल्या, तेच पांढरं लुगडं, पायात नव्या चपला. दुपारची वेळ, दालनात गर्दी नव्हती. दगडासमोर त्या थांबल्या. खाली पाटी होती, 'स्पर्श करा'. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, मग माझ्याकडे पाहिलं.

"लावू हात?"

"लावा ना आजी. त्यासाठीच आहे."

त्यांनी दोन्ही हात ठेवले. बोटं खाचेत घातली आणि खाचेतून मागेपुढे फिरवली, दोर फिरवावा तशी. मग दगड त्यांच्याच आवाजात बोलू लागला, आणि त्यांनी हसून मुलीकडे पाहिलं. "माहाच आवाज आहे वं!" चाळीस सेकंद त्या हसत ऐकत होत्या. मग आवाज थांबला.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"नाही आजी, हात काढू नका. थांबा थोडं."

त्या थांबल्या. मुलगी थांबली. मीही. अर्धा मिनिट किती मोठा असतो हे मला तेव्हा कळलं. दालनातला पंखा, बाहेर कुठेतरी झाडू मारल्याचा आवाज.

"काहून थांबाचं?"

मी समजावून सांगितलं. पुढचा भाग आहे आजी, काढलेला नाही, पण जो थांबेल त्यालाच ऐकू येतो. मी हे सांगत असतानाच दगडातून त्यांचा आवाज आला, *मी त्या विहिरीत कधी वाकून पाह्यलं नाई*. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला. हात काढून पदराला पुसले.

"म्हंजे अजूनबी थांबाच लागते का आमाले?"

त्यांनी रागाने विचारलं नव्हतं. खरोखरच विचारलं होतं, जसं एखादं माणूस खिडकीवर विचारतं, आज मिळेल की उद्या यावं लागेल.

"अन् विहीर कुठी आहे?" त्या म्हणाल्या.

"हीच ना आजी, तुमच्या गावची..."

"हे नाई. आमची. खंदलेली. ते कुठी आहे याच्यात?"

मी म्हटलं, ते लांबत होतं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "पोरी, मी तुले थांबल्याची गोष्ट सांगाले नव्हती बसली. विहीर खंदल्याची गोष्ट सांगाले बसली होती. थांबनं तं त्याच्या आंधी आलं म्हनून सांगितलं. तू थांबनंच ठेवलं अन् खंदनं टाकून देलं!"

मुलीने आईच्या खांद्यावर हात ठेवला. मला म्हणाली, शांतपणे, "ताई, आईचा आवाज काढून टाका याच्यातून." आणि त्या दोघी निघाल्या. मी दारापर्यंत गेले. पाया पडायला वाकावं की नाही हे मला ठरवता आलं नाही, आणि तेवढ्यात रिक्षा निघून गेली.

त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा माझी आई ओसरीत भाजी निवडत होती. ती भिवापूरकडची, शेतकऱ्याच्या घरातली, आणि आता माझ्याजवळ राहते. माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने विचारलं, काय झालं. मी सगळं सांगितलं. मग मी तिला जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. तुमच्या विहिरीवर कसं होतं?

"सगळीकडं असंच होतं," आई म्हणाली. "आमी तं ओतत होतो पानी. माहेरी असताना मी रोज ओतो. नाई कधी म्हटलं नाई आमी कोनाले."

"वरून ओतायची?"

"मंग कसं? गुंडाले गुंड लागू नाई द्याचा." तिने शेपूच्या काड्या बाजूला सारल्या. "पन ओतो ना! काही बाया तं ओतेही नाई." तिच्या आवाजात अभिमान होता. तिला वाटत होतं ती मला बरं वाटावं असं काही सांगतेय. माझ्या डोळ्यासमोर माझ्या आईचा तरुण हात येत होता, वर उचललेला, आणि खाली गुंडापाशी उभी असलेली एक लहान मुलगी. गाव वेगळं, विहीर वेगळी, पण चित्र हलेना. आणि अर्धा मिनिट थांबायला लावणारा तो प्रोग्राम मीच लिहिला होता, आपण उदार आहोत असं मानून.

दुसऱ्या दिवशी मी दगडाची वायर काढली. सरांना सांगितलं. ते चिडले. परवानगीशिवाय कसं काढलं, उद्या पाहुणे यायचेत, कागद लावा 'दुरुस्तीसाठी बंद'. मी कागद लावला. तो कागद पावसाळाभर तिथे राहिला. मुलं दगडावर हात ठेवत, कान लावत, आणि निघून जात.

मी आजींच्या मुलीला तीन वेळा फोन केला. दोनदा ती ड्युटीवर होती. तिसऱ्यांदा म्हणाली, "आई म्हणते, तुम्हाला यायचं तर या. पण तुमच्या साहेबांना घेऊन या."

सर येतील असं मला वाटलं नव्हतं. पण ते आले. आजींनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि मग, मशीन बंद ठेवायला सांगून, विहीर खणल्याची सगळी गोष्ट त्यांना पुन्हा सांगितली. तासभर लागला. दगड लागल्यावर एका माणसाने घण कसा उसना आणला, त्याच्या हाताला आलेले फोड कसे फुटले, त्यांच्या बापाचा आवाज कसा बसला. सर खाली मान घालून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "आजी, हे सगळं ठेवतो. अगदी सुरुवातीपासून. मी लिहून देतो वर, काय व्हायचं ते होऊ द्या."

"वर कोनाले लिहाचं ते तुमचं तुमी पाहा," आजी म्हणाल्या. "मी सांगतो तसं ठेवा म्हंजे झालं. आंधी खंदनं. मंग बाकीचं."

आम्ही तसंच केलं. त्यांनी नव्याने सांगितलं, मी नव्याने रेकॉर्ड केलं. हात टेकताक्षणी त्या म्हणतात, *आमी आमची विहीर खंदली*. मग का खणावी लागली ते. मग शेवटी, सगळ्यात शेवटी, दोराचे आवाज. मधे कुठेही शांतता नाही. कोणाला थांबावं लागत नाही. वरून सरांना एक पत्र आलं, सरांनी त्याला उत्तर दिलं, आणि काही महिन्यांनी त्यांची बदली झाली. त्या दोन गोष्टींचा संबंध आहे की नाही ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दगड अजून बोलतो. नव्या प्रमुखांनी तो अजून बंद केलेला नाही.

पण सगळं बरं झालं असं मला म्हणता येत नाही. सेन्सरला हात किती वेळ होता त्याची नोंद राहते, ती मी महिन्यातून एकदा पाहते. बरेच हात एकाच जागी उचलले जातात. आजी म्हणतात, *काहून खंदावी लागली ते आयका*, आणि तिथे. सगळे नाही. शाळेच्या सहली आल्या की मुलं एकमेकांना ढकलत शेवटपर्यंत ऐकतात, मग पुन्हा पहिल्यापासून. अभिप्रायाच्या वहीत कोणीतरी लिहून गेलं आहे, आम्ही इथे करमणुकीसाठी येतो, जुने वाद कशाला. त्याखाली वेगळ्या शाईत दुसऱ्या कोणीतरी एकच शब्द लिहिलाय, 'ऐका'.

आजी मला अजून फोन करतात, तब्येत विचारतात, पण मला त्यांनी पुन्हा पोरी म्हटलेलं नाही. ताई म्हणतात, मुलगी म्हणते तसं. तो फरक मला दर वेळी ऐकू येतो.

गेल्या महिन्यात एका दुपारी आई म्हणाली, "ते बाई काय म्हनते दगडातून? मले आयकव." संग्रहालयात यायला ती तयार नाही, गुडघे दुखतात म्हणते. मी फोनवर लावलं. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होती. मधे एकदा उठेल असं वाटलं, पण ती उठली नाही. दोराचे आवाज संपले तरी तशीच बसून होती.

"त्याइच्या विहिरीचं पानी गोड होतं का?" तिने विचारलं.

"हो. फार गोड म्हणे."

"अस्सं." ती भिंतीकडे बघत होती. मग म्हणाली, "आमच्याकडच्याही त्या लोकाइनं आपली विहीर खंदली होती, गावाच्या तिकडल्या अंगाले. मंग त्या पोरी यायच्या बंद झाल्या. काहून येत नाई, आमी कधी विचारलं नाई."

मी फोन बंद केला. ती उठली, भिंतीला धरून आत गेली.